सिस्टर उनाइसींचं परवलीचं वाक्य

किल्लीला कुलूप लावायचं हा आलितीचा हट्ट होता. माझा त्याला पहिल्या दिवसापासून विरोध होता, आणि तो मी रोज चहाच्या वेळी न चुकता बोलून दाखवत असे.

"अगं, कुलूप दाराला लावतात. किल्लीला कुलूप लावणारी जगात तू एकटीच."

"पण काका, किल्लीच चोरीला गेली तर?"

"आणि त्या कुलपाचं उत्तर चोरीला गेलं तर?"

"ते माणसाच्या डोक्यात असतं. डोकं कोण चोरणार? तुमचं तर फुकट दिलं तरी कोणी नेणार नाही," असं म्हणून ती माझ्या डब्यातली रोटी उचलायची, आणि वर डब्यातल्या माशाची चटणीही.

आम्ही तिघं. राजधानीत, सुवामध्ये, तुराकच्या चढावर, एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. आलिती सव्वीस वर्षांची, मी सत्तावन्नचा, आणि तिसरे आमचे मालक, जे बहुतेक वेळ खालच्या शिंप्याशी रग्बीवर बोलत असतात. आमचं सॉफ्टवेअर पहारेकऱ्याचं काम करतं. अकरा बेटांवरच्या अकरा आरोग्य केंद्रांत आमची एकेक छोटी पेटी बसवलेली आहे. पुस्तकाएवढी, पुढे एक दिवा, पडदा नाही, कीबोर्ड नाही. केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ती लक्ष ठेवते आणि दर पाच मिनिटांनी आमच्या सर्व्हरला खुशाली कळवते.

आता सर्व्हरला कसं कळायचं, की बोलणारी पेटी खरोखर कोरो बेटावरचीच आहे, कोणी सोंगाड्या नाही? त्यासाठी प्रत्येक पेटीला एक प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली दिलेली असते. किल्ली म्हणजे आकड्यांची एक फाइल. ती पेटीतच राहते, म्हणून आलितीनं तिला परवलीच्या वाक्याचं कुलूप घातलं होतं. पेटी सुरू झाली की केंद्रातल्या सिस्टरनी आपल्या कॉम्प्युटरवर ते वाक्य टाइप करायचं, मग किल्ली उघडते, मग पेटी सुवाशी बोलू लागते. वाक्य ज्या त्या सिस्टरनी आपल्या मनानं ठरवलेलं. कागदावर नाही, पेटीत नाही, आमच्याकडेही नाही.

सोमवारी सकाळी मी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती फक्त कोरोला पाठवली. आधी एका ठिकाणी चालवून बघायचं आणि मग बाकीच्या दहांना द्यायचं, ही आमची पद्धत. कोरोच निवडायचं कारण, तिथल्या सिस्टर उनाइसी कधी कुरकुर करत नाहीत. पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि गप्प बसली. मंगळवारीही गप्प. किल्ली उघडल्याशिवाय ती सुवाशी एक शब्द बोलत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते आम्हाला इथून दिसण्याची सोय नव्हती. सिस्टर फोनवर सांगत होत्या, की त्यांनी वाक्य टाकलं, दहा वेळा टाकलं, आणि दिवा हिरवा लुकलुकतोय.

आरोग्य केंद्रांची मुख्य कचेरी आहे. तिथले सिमिओने साहेब म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी निकाल देऊन टाकला, की बाई अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या, वाक्य विसरल्या. आणि हे त्यांनी कुठे सांगावं, तर संध्याकाळी पाचच्या वायरलेसवर. पाच वाजता अकराही केंद्रं वायरलेसवर हजेरी देतात, आणि एकाशी बोललेलं बाकीची दहा ऐकतात. ऐकतात म्हणजे कान लावून ऐकतात, बेटावर संध्याकाळी दुसरं काय असतं?

गुरुवारी हुकूम आला. मी कोरोला जायचं, बिनकुलपाची नवी किल्ली पेटीत बसवायची. ती नीट चालली, की अकराही बेटांवरची कुलपं काढून टाकायची. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन वर्षं मी हेच सांगत होतो. आलितीनं काही वाद घातला नाही. नवी किल्ली तयार केली, पेनड्राइव्हवर भरली आणि माझ्या हातात ठेवली.

"काका, एकच सांगते. वाक्य चुकलं तर पेटी चूक दाखवते. लाल दिवा लावते. कोरोचा दिवा हिरवा आहे."

"मग पेटीच बिघडली असेल."

"असेल," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं माझ्या डब्याला हात लावला नाही, ते मात्र मला लागलं.

शुक्रवारी बसनं नातोवीचा धक्का, तिथून बोट. खिशात पेपरमिंटच्या डबीत पेनड्राइव्ह, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली यंगोनाच्या मुळांची जुडी, मुळं कुटून वाटीनं प्यायची ती. रिकाम्या हातानं दुसऱ्याच्या गावात शिरण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. गावचे वडीलधारे म्हणजे ओसेआ, सगळं गाव त्यांना मोमो म्हणतं. मी सुलू, म्हणजे आमच्याकडची लुंगी, नेसलो, टोपी काढली आणि त्यांच्या दाराबाहेर चटईवर बसलो. आत टीव्हीवर रग्बीचा कुठलातरी जुना सामना चालला होता आणि मोमो खेळाडूंना शिव्या घालत होते. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. मी दोनदा खाकरलो. आत कोणाला ऐकू जाईल तर शपथ. बसून राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांची नात माकेरेता धुणं वाळत घालायला बाहेर आली, तेव्हा तिला मी दिसलो.

"अय्या! मोमो, बाहेर एक माणूस बसलाय! कधीपासून कोण जाणे!"

"मग आत का नाही आलास रे?" मोमो आतून ओरडले.

"बोलावलं नव्हतं ना," मी म्हणालो.

मोमो पोट धरून हसले. माझी जुडी त्यांनी स्वीकारली, टाळ्या वाजवल्या, दोन वाट्या झाल्या, आणि मला गावात फिरायची मोकळीक मिळाली. माकेरेता मला केंद्रात घेऊन गेली. हसणं तेवढ्यावरच राहिलं. पुढे केंद्रात कोणी हसलं नाही.

सिस्टर उनाइसी पांढऱ्या गणवेशात टेबलामागे ताठ बसल्या होत्या. कोरोला गेलेल्या प्रत्येकाला त्यांच्या हातचा लिंबाच्या पानांचा चहा मिळतो. मला "बसा" एवढंच मिळालं.

"मिस्टर मुनसामी, मी वाक्य विसरले हे सांगायला इतक्या लांब आलात?"

"नाही सिस्टर. किल्ली बदलायला आलोय."

"म्हणजे तेच." त्यांनी समोरचं रजिस्टर बंद केलं. "या बेटावर माझ्या हातून दोनशे चौदा बाळं जन्मली. एकेकाचं वजन मला तोंडपाठ आहे. ही माकेरेता बघा, तीन किलो शंभर. तिचा भाऊ दोन किलो आठशे, आणि पायाळू. मी एक ओळ विसरेन?"

मी त्या बंद रजिस्टरकडे बघितलं.

"बुधवारी पहाटे मलाच शंका आली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अकरा बेटं म्हणतायत तर खरंच विसरले असेन. उठून बसले आणि पहिल्या बाळापासून सगळी वजनं म्हणून बघितली. मग रजिस्टर काढून ताडून बघितली. एक चुकलं नाही. पण ते रजिस्टर मी वायरलेसवर कसं दाखवू? पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. छत्तीस वर्षं केली, आणि लोक काय म्हणतील? विसराळू म्हातारी."

हे ऐकताना मला खिशातली डबी टोचत होती. बिनकुलपाची किल्ली बसली, की सिस्टर विसरल्या यावर शिक्कामोर्तबच होणार होतं.

पण हुकूम हुकूम असतो. नवी किल्ली घालायला पेटीला पडदा जोडायला हवा, आणि केंद्रातल्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच्या अंगातच बसवलेला, सुटा निघत नाही. माकेरेता म्हणाली, "आमचा टीव्ही आणू?" मी हो म्हणालो, आणि ती भावाला घेऊन गेलीसुद्धा. गावातला तो एकच मोठा टीव्ही. सामना अर्धवट टाकून तो निघाला म्हटल्यावर सामना बघणारेही त्याच्यामागे निघाले. पुढे टीव्ही, मागे मोमो, त्यांच्यामागे निम्मं गाव, अशी वरात केंद्राच्या ओसरीवर येऊन बसली.

पेटीला वायर जोडली. सिस्टरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून लावला. टीव्ही सुरू केला.

काळा पडदा, आणि वर कोपऱ्यात एकच ओळ. किल्लीचं परवलीचं वाक्य द्या. पुढे पांढरी रेघ उघडझाप करत होती.

मी ती ओळ तीनदा वाचली.

पेटी बिघडली नव्हती, अडलीही नव्हती. ती विचारत होती. सोमवारपासून, न दमता, जो पडदा तिला कधी जोडलेलाच नव्हता त्याच्यावर.

आता माझं पाप सांगतो. नव्या आवृत्तीत मी किल्ली उघडणारा भाग बदलला होता. त्या भागाला एक गोष्ट बजावून सांगावी लागते, की वाक्य हवं असेल तर सिस्टरच्या कॉम्प्युटरवरून घे. ते सांगायचं मी विसरलो. नाही सांगितलं, तर तो स्वतःच्याच पडद्यावर विचारतो आणि बसून राहतो. सिस्टरनी दहा वेळा टाइप केलेलं वाक्य पेटीच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. मग मी पाठवण्याआधी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं, चांगलं चार वेळा! पण माझ्या टेबलावरच्या पेटीला कायमचा पडदा जोडलेला आहे आणि कीबोर्ड माझ्या डाव्या हाताशी. तिनं विचारलं असणार, आणि उजव्या हातात रोटी धरून माझ्या डाव्या हातानं उत्तर देऊन टाकलं असणार. दोन वर्षांची सवय. बोटांनी काम केलं आणि डोक्याला पत्ताच नाही. विसरलो होतो मी, आणि बोभाटा झाला सिस्टर उनाइसींचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

"काय म्हणतंय ते?" मोमोंनी विचारलं.

"वाक्य विचारतंय, मोमो. सोमवारपासून विचारतंय."

"आणि कोणाला ऐकू गेलं नाही?"

"नाही."

"म्हणजे तुझाच भाऊ की!" मोमोंनी मांडीवर थाप मारली. "दारात बसून राहिला, कोणी बोलावेना!"

सगळी ओसरी हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि मला खुर्चीवरून उठवलं.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत," मी म्हणालो.

"बोटं दिसतात. फिरा!"

निम्म्या गावानं समुद्राकडे तोंड केलं. मोमोंनी केलं, मीही केलं. एक मूल आईच्या खांद्यावरून मागे बघत होतं, त्याचंही डोकं आईनं वळवलं. मागे कळा वाजत होत्या. मोठं वाक्य असावं, बराच वेळ वाजल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. मग शेवटची एक कळ जोरात वाजली.

पेटीची खुशाली कळवायची पाच मिनिटं भरली. माझा फोन वाजला.

"काका!" आलिती ओरडत होती. "कोरो आलं! कोरो दिसतंय! तुम्ही नवी किल्ली बसवलीत?"

"नाही."

"मग जुनीच?"

"जुनीच. कुलपासकट. तू ऑफिसातच थांब आणि त्या वायरलेसच्या पाच वाजताच्या बोलण्याकडे कान दे." आमच्या माडीवरही एक वायरलेस आहे.

पाचला पाच कमी होते. ती पाच मिनिटं मला फार लांबली. खरं सांगायचं, तर दुसरा मार्ग दिसत होता. पेटी अडकली होती, आता सुरू झाली, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. आलितीला उद्या कोड वाचून कळलं असतं, पण ती काकांची अब्रू काढणारी मुलगी नाही. आणि मला स्वतःच्या चुकीविषयी चारचौघांत बोलायची सवय नाही. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीजवळ उभ्या राहून गणवेशाची घडी सारखी करत होत्या.

वायरलेस खरखरला. एकेका केंद्राची हजेरी झाली. मग सिमिओने साहेबांचा आवाज आला.

"कोरो, मला कळलं, पेटी सुरू झाली. छान! म्हणजे सिस्टरना शेवटी आठवलं तर?"

कुठल्यातरी बेटावर कोणीतरी खुदकन हसलं. तेही ऐकू आलं.

मी माइक उचलला. "सिमिओने साहेब, मुनसामी बोलतोय. सिस्टर उनाइसी काही विसरल्या नव्हत्या. सोमवारपासून त्या बरोबर वाक्य देत होत्या. मी प्रोग्राम चुकीचा लिहिला. पेटीनं वाक्य कुठून घ्यायचं ते सांगायला मी विसरलो, आणि माझ्या टेबलावर पडदा जोडलेला असल्यामुळे मला ते दिसलं नाही. चूक माझी आहे. एकट्याची. सगळ्या केंद्रांना ऐकू गेलं का?"

खरखर. मग एकेक आवाज यायला लागला. ऐकू गेलं. ऐकू गेलं. ऐकू गेलं. दहावा आवाज मोआला बेटावरच्या सिस्टरचा होता. त्या बाई जन्माच्या खोडकर.

"कोरो, या नव्या बाळाचं वजन किती भरलं?"

सिस्टर उनाइसींनी माझ्या हातातून माइक घेतला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ब्याण्णव किलो," त्या म्हणाल्या. "आणि रडलं उशिरा. पण रडलं."

अकरा बेटं हसली. मीही हसलो, न हसून करतो काय! सिमिओने साहेबांचं हसणं काही ऐकू आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मग कुलपांचं काय करायचं?"

"कुलपं राहतील," सिस्टर म्हणाल्या, आणि वायरलेस बंद केला.

चूक कबूल केली म्हणजे झालं असं आमच्याकडे नसतं. माणसाची अब्रू घेतली असेल तर जुडी पुढे ठेवून, खाली बसून माफी मागायची असते. आणि माझी एकुलती एक जुडी तीन वाजता मोमोंना देऊन झाली होती. मी मोमोंकडे बघितलं. त्यांनी माकेरेताकडे बघितलं. ती घरी पळाली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीच जुडी घेऊन आली.

"उसनी देतोय," मोमो म्हणाले. "पुढच्या बोटीनं दोन पाठव. आणि टीव्ही परत घेऊन चला रे, दुसरा हाफ राहिलाय."

मी जुडी सिस्टरसमोर ठेवली, जमिनीवर बसलो आणि जे बोलायचं असतं ते बोललो.   सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी वाकून जुडीला हात लावला आणि तीनदा टाळ्या वाजवल्या. झालं. तो विषय तिथे संपला, पुन्हा तो काढायचा नसतो.

उठताना खिशातली डबी खाली पडली आणि पेनड्राइव्ह बाहेर आला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तुमची नवी किल्ली. बिनकुलपाची. आता नको असलेली."

"कोणाच्या हाती लागली तर?"

"तर तो कोरोच्या नावानं बोलेल. सर्व्हर त्याच्यावर विश्वास ठेवेल."

"आणि ही तू पेपरमिंटच्या डबीत घालून बोटीतून आणलीस?"

मी खाली मान घातली. आलिती दोन वर्षं मला जे सांगत होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि तेही एका पेपरमिंटच्या डबीमुळे. सुवाला फोन करून त्या नव्या किल्लीचं प्रमाणपत्र तेव्हाच रद्द करायला सांगितलं. आलिती फक्त "बरं काका" म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं, की सोमवारी माझ्या डब्यातली चटणी वाचणार नाही.

सिस्टरनी पेनड्राइव्ह दोन बोटांनी उचलला. कोपऱ्यात वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा होता. त्याच्या झाकणाला फट असते, आत टाकता येतं, बाहेर काढता येत नाही, आणि महिन्याच्या शेवटी डबा आहे तसा भट्टीत जातो. त्यांनी पेनड्राइव्ह त्या फटीत धरला आणि सोडला. आत सुयांवर पडल्याचा बारीक आवाज झाला.

मग त्यांनी चुलीवर आधण ठेवलं, बाहेर जाऊन लिंबाची चार पानं खुडून आणली आणि दोन कप काढले.

"मुनी," त्या म्हणाल्या, "साखर किती घेतोस?"